फील्ड टेस्टचा रिपोर्ट काळा का येतो? डोळ्यात पसरणारा प्रकाश काचबिंदूच्या तपासणीत असा घोळ घालतो

काचबिंदूच्या पेशंटच्या फाईलमध्ये एक कागद हमखास असतो. मध्ये अधिकच्या चिन्हासारख्या दोन रेघा, भोवती आकडे आणि करड्या-काळ्या ठिपक्यांचा नकाशा. हा ‘फील्ड टेस्ट’चा रिपोर्ट. नकाशा काळा दिसला की घरच्यांच्या पोटात गोळा येतो, पांढरा दिसला की सगळे निश्चिंत होतात. दोन्ही वेळा गैरसमज होऊ शकतो. कारण डोळ्याच्या नसेची अवस्था या कागदावर उतरतेच, पण नसेपर्यंत पोहोचण्याआधी डोळ्याच्या आत प्रकाशाचं काय झालं, तेही त्यात मिसळलेलं असतं.

डोळ्यात शिरलेला सगळा प्रकाश ठरलेल्या जागी जात नाही. थोडा वाटेतच विखुरतो. शाळेच्या विज्ञानात ‘प्रकाशाचे विकिरण’ म्हणून जे शिकवतात तेच हे. तरुण, निरोगी डोळ्यात ते थोडं असतं, वयाबरोबर वाढतं आणि मोतीबिंदू असेल तर बरंच वाढतं. रात्री मुंबई-गोवा महामार्गावर समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांभोवती जो पांढुरका पसारा दिसतो आणि रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस क्षणभर दिसेनासा होतो, त्यामागेही हाच विखुरलेला प्रकाश असतो.

या महामार्गावर चिपळूण आणि संगमेश्वरच्या मध्ये सावर्डे आहे. शेजारी डेरवणला वालावलकर रुग्णालय आणि ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. कोकणातल्या इतर गावांप्रमाणे इथेही तरुण माणसं मुंबई-पुण्याला आणि गावात वयस्कर जास्त, हे चित्र ओळखीचं आहे. म्हणजे मोतीबिंदू आणि काचबिंदू एकाच डोळ्यात असण्याचं वयही इथे भरपूर सापडतं. फील्ड टेस्टचा घोळ सगळ्यात जास्त होतो तो अशाच डोळ्यांत.

दोन ‘बिंदू’, एक गोंधळ

आधी नावांचा गुंता सोडवायला हवा. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ होतं. ते काढून कृत्रिम भिंग बसवलं की नजर परत येते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते. अनेकदा (नेहमी नाही) त्यामागे डोळ्यातला वाढलेला दाब असतो. मेलेली नस परत येत नाही. थेंब, लेझर किंवा ऑपरेशनने उरलेली वाचवता येते, एवढंच. ‘एक बिंदू काढला, दुसराही पिकला की काढू’ असं कोणी म्हणत असेल तर तो धोकादायक गैरसमज आहे. काचबिंदू पिकतही नाही आणि काढताही येत नाही.

२०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात ५० वर्षांवरील लोकांच्या अंधत्वाचं ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू निघालं, तर काचबिंदूचा वाटा ५.५ टक्के होता. आकडा लहान वाटतो, पण यातलं पहिलं अंधत्व बहुतेक वेळा दूर करता येतं आणि दुसरं करता येत नाही. शिवाय काचबिंदू सुरुवातीला कडेची नजर खातो, मधली शाबूत ठेवतो. त्यामुळे माणूस पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो आणि नजर जातेय हे त्याला कळतच नाही. कळण्याचा एक मुख्य मार्ग म्हणजे फील्ड टेस्ट.

या टेस्टमध्ये नेमकं काय मोजतात?

अंधाऱ्या खोलीत यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसायचं. समोर पांढऱ्या वाडग्याच्या आतल्या बाजूसारखा गोलाकार पडदा असतो, त्यावर मंद उजेड. मधल्या ठिपक्यावर नजर रोखून ठेवायची. मग इकडे-तिकडे बारीक प्रकाशठिपके क्षणभर चमकतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. एका वेळी एकच डोळा, दुसऱ्यावर पट्टी. एका डोळ्याला साधारण पाच मिनिटं लागतात आणि त्यात माणूस चांगलाच कंटाळतो.

पडद्याच्या उजेडाचं प्रमाण स्वित्झर्लंडच्या हान्स गोल्डमान यांनी १९४५मध्ये आणलेल्या यंत्रापासून चालत आलंय : ३१.५ अपोस्टिल्ब. (अपोस्टिल्ब हे पृष्ठभागाच्या उजळपणाचं जुनं एकक. फील्ड टेस्टच्या बाहेर आता ते फारसं कोणी वापरत नाही.) भारतात सर्रास दिसणाऱ्या हम्फ्री यंत्रात नेहमीचा ठिपका ०.४३ अंश रुंदीचा असतो आणि ०.२ सेकंद चमकतो. त्याची कमाल तीव्रता १०,००० अपोस्टिल्ब, म्हणजे पडद्याच्या उजेडाच्या ३०० पटींहून जास्त.

रिपोर्टवरचे आकडे डेसिबलमध्ये असतात आणि ते उलटे चालतात. ० म्हणजे यंत्राचा सर्वांत प्रखर ठिपका लागला. १० म्हणजे त्याच्या दहावा भाग पुरला, २० म्हणजे शंभरावा, ३० म्हणजे हजारावा. आकडा जितका मोठा तितकी नजर तीक्ष्ण. निरोगी डोळ्यात मध्याजवळ हे आकडे साधारण तिशीच्या आसपास असतात, कडेला कमी होतात, वयानुसारही थोडे उतरतात. ‘२४-२’ नावाच्या नेहमीच्या चाचणीत असे ५४ ठिपके तपासतात.

या सगळ्या खटाटोपामागे एक साधं गृहीतक आहे. ठिपका पडद्यावर जिथे चमकला, त्याचा प्रकाश डोळ्यातल्या दृष्टिपटलावर त्याच्याच जोडीच्या जागी पडला आणि माणसाने त्याच जागेने तो पाहिला. दृष्टिपटलावर या ठिपक्याची प्रतिमा जेमतेम ०.१२ मिलिमीटर असते. एवढ्याशा जागेला प्रश्न विचारायचा आणि उत्तरही तिनेच द्यायचं. विखुरलेला प्रकाश नेमकं हेच गृहीतक मोडतो.

प्रकाश विखुरतो कुठे?

सगळ्यात पुढे अश्रूंचा पातळ थर, मग पारपटल (डोळ्याची पुढची पारदर्शक काच), मग बुबुळाच्या मधली बाहुली, तिच्यामागे भिंग, आणि शेवटी दृष्टिपटल. वाटेत प्रत्येक ठिकाणी थोडा प्रकाश भरकटतो. तरुण डोळ्यात पारपटल, भिंग आणि डोळ्याची मागची भिंत यांचा वाटा ढोबळमानाने सारखा धरतात. मागची भिंत यात कशी आली? दृष्टिपटलावर पडलेला सगळा प्रकाश शोषला जात नाही, थोडा परावर्तित होऊन डोळ्यात इतरत्र जाऊन पडतो.

इथे रंगद्रव्याला महत्त्व आहे. काळ्या-तपकिरी डोळ्यात बुबुळ आणि मागची भिंत प्रकाश चांगला शोषतात. फिकट डोळ्यात बुबुळातूनही थोडा प्रकाश झिरपतो आणि मागून परावर्तनही जास्त होतं. सर्वांत जास्त फरक निळ्या डोळ्यांत दिसतो. कोकणातल्या घाऱ्या डोळ्यांना याचा थोडा वाटा मिळत असणार, पण वयाने होणाऱ्या बदलापुढे तो किरकोळच.

वयाचा परिणाम मात्र मोठा आहे. नेदरलँड्समधल्या टॉम व्हान डेन बर्ग आणि सहकाऱ्यांनी या भरकटलेल्या प्रकाशाचं मोजमाप अनेक वर्षं केलं. त्यांच्या सूत्रानुसार निरोगी डोळ्यातला विखुरलेला प्रकाश वयाच्या ६५पर्यंत तरुणपणीच्या दुप्पट होतो आणि ७७पर्यंत तिप्पट. हे मोतीबिंदू नसलेल्या डोळ्याचं. मोतीबिंदू झाला की आकडा याच्याही पुढे जातो. आणि गंमत म्हणजे अक्षरांचा तक्ता वाचताना हे पकडलं जाईलच असं नाही. उजेडाच्या खोलीत काळी अक्षरं नीट वाचणारा माणूस रात्री गाडीच्या दिव्यांपुढे हतबल असू शकतो.

पहिला घोळ : निरोगी जागाही कमी दिसते

मोतीबिंदूमुळे रिपोर्ट सगळीकडे थोडा करडा येतो. सरळ वाटणारं उत्तर म्हणजे भिंग गढूळ, म्हणून आत प्रकाश कमी. पण हे उत्तर अर्धवट आहे.

डोळा ठिपक्याचा उजेड एकटा मोजत नाही, आजूबाजूच्या पडद्याच्या तुलनेत मोजतो. समजा भिंग फक्त पिवळसर झालं आणि प्रकाश शोषू लागलं. मग ठिपका अर्धा मंद झाला तरी पडदाही अर्धा मंद होतो. दोघांचं गुणोत्तर तेच राहतं आणि रिपोर्टवर फारसा फरक पडत नाही. काळा चष्मा लावल्यावर पुस्तक वाचता येतं, तसंच. पडद्याला उजेड देण्यामागचं एक कारणही हेच.

विखुरण्याची गोष्ट वेगळी. पडदा सगळीकडे सारखा आहे. त्याच्या एका भागातून जेवढा प्रकाश बाजूला भरकटतो, तेवढाच शेजारच्या भागातून तिथे येतो. जमाखर्च जुळतो, पडदा जसाच्या तसा. ठिपका मात्र लहान आहे. त्याचा भरकटलेला प्रकाश कायमचा गेला, कारण भरपाई करायला शेजारी दुसरा ठिपका नाही. समजा मोतीबिंदूने ठिपक्याचा निम्मा प्रकाश बाजूला पसरवला. पडदा तसाच, ठिपका निम्मा. हा फटका ३ डेसिबलचा. ५४ पैकी जवळपास प्रत्येक ठिकाणी ३ आकडे कमी.

हे असं सगळीकडे एकसारखं घटणं हे मोतीबिंदूचं नेहमीचं लक्षण. काचबिंदू मात्र बहुतेकदा विशिष्ट जागा खातो : नाकाच्या बाजूची पायरी, वर किंवा खाली कमानीसारखा पट्टा. म्हणून रिपोर्टवर दोन नकाशे शेजारी असतात. ‘टोटल डेव्हिएशन’ सांगतो की वयाच्या मानाने प्रत्येक ठिकाणी किती कमी दिसलं. ‘पॅटर्न डेव्हिएशन’ त्यातली एकसारखी घट वजा करून उरलेले खड्डे दाखवतो. डावीकडचा नकाशा काळाकुट्ट आणि उजवीकडचा जवळपास स्वच्छ असेल तर डॉक्टरांचा संशय आधी भिंगावर जातो. घरच्यांनी नुसता काळा नकाशा बघून ‘नजर गेली’ म्हणायची घाई करू नये, ती याचसाठी.

मोतीबिंदू एकटाच दोषी नसतो. कोरडा डोळा, सुजलेलं पारपटल, ऑपरेशननंतर काही काळाने कृत्रिम भिंगामागच्या पिशवीवर धरलेली साय, हेही प्रकाश पसरवतात. काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षं घातल्याने डोळ्याचा पृष्ठभाग कोरडा होऊ शकतो, म्हणजे आजाराचं औषधच आजाराच्या तपासणीत थोडी ढवळाढवळ करतं. दूर-जवळ दोन्ही दिसावं म्हणून बसवलेलं मल्टिफोकल भिंग प्रकाश मुद्दामच दोन-तीन ठिकाणी वाटतं. त्यानेही फील्डचे आकडे काहीसे उतरतात. काचबिंदू असलेल्याने असं भिंग निवडण्याआधी डॉक्टरांशी हे स्पष्ट बोलून घ्यावं.

दुसरा घोळ : मेलेल्या जागीही ‘दिसतं’

पहिल्या घोळाची बऱ्याच लोकांना कल्पना असते. दुसरा उलटा आहे आणि जास्त फसवा आहे.

भरकटलेला प्रकाश जातो कुठे? शेजारी. समजा ठिपका दृष्टिपटलाच्या मेलेल्या जागेवर पडला. तिथे दिसण्याची सोय नाही. पण ठिपका पुरेसा प्रखर असेल तर त्याचा पसारा बाजूच्या जिवंत जागेवर पोहोचतो. माणसाला काहीतरी उजळल्यासारखं वाटतं आणि तो बटण दाबतो. अगदी प्रामाणिकपणे. यंत्र लिहून ठेवतं की मेलेल्या जागी दिसलं.

याचा अनुभव घरी घेता येतो. प्रत्येक डोळ्यात नस जिथून बाहेर पडते तिथे प्रकाश ओळखणाऱ्या पेशीच नसतात. हा अंधबिंदू, सतराव्या शतकात फ्रान्सच्या एदमे मारियोतने दाखवलेला. कागदावर ७ सेंटीमीटर अंतरावर दोन खुणा करा. कागद डोळ्यांपासून २५ सेंटीमीटरवर धरा, डावा डोळा झाका आणि उजव्या डोळ्याने डावीकडच्या खुणेकडे बघा. कागद थोडा पुढे-मागे केला की उजवीकडची खूण गायब होते.

आता अंधाऱ्या खोलीत हाच प्रयोग मोबाईलच्या टॉर्चने करायचा. टॉर्च ३ मीटर लांब आणि त्याच्या डावीकडे साधारण ८० सेंटीमीटरवर, किंचित वरच्या पातळीला, एखादी खूण. डावा डोळा झाकून खुणेकडे बघत डोकं हळूहळू हलवलं की टॉर्च अंधबिंदूत जातो. पण या वेळी सगळं गायब होत नाही. दिव्याचा टोकदार बिंदू जातो आणि धूसर उजेड उरतो. हाच तो विखुरलेला प्रकाश, अंधबिंदूबाहेरच्या जिवंत पेशींनी पाहिलेला.

फील्ड टेस्टमध्ये हा पसारा किती असतो, याचा अंदाज बांधता येतो. १९२०च्या दशकात अमेरिकेत हॉलाडे आणि ब्रिटनमध्ये स्टाइल्स यांनी प्रखर दिव्यामुळे डोळ्यात पसरणाऱ्या उजेडाचा नियम मांडला. दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेडाचा पडदा चौपट पातळ. या नियमाने हिशेब केला तर हम्फ्रीचा सर्वांत प्रखर नेहमीचा ठिपका स्वतःपासून ३ अंशांवर पडद्याच्या उजेडाच्या सुमारे दीड टक्का भर घालतो आणि दीड अंशावर सुमारे ६ टक्के. तरुण डोळ्यात ३ अंशांवरची ही भर जाणवण्याच्या सीमेवर आहे. पण ७७ वर्षांच्या डोळ्यात ती तिप्पट, म्हणजे जवळपास ५ टक्के. मोठा, पसरट उजेड ओळखायला डोळ्याला काही टक्क्यांचाच फरक पुरतो. म्हणजे मेलेल्या जागेपासून ३ अंशांवर जिवंत जागा असेल तर तिने ‘दिसलं’ म्हणायला वाव आहे.

खड्डा लहान किंवा अरुंद असेल तर हा धोका जास्त, कारण जिवंत शेजार जवळ. आणि नजर फार कमी झाल्यावर डॉक्टर कधीकधी मोठा ठिपका वापरतात, १.७ अंश रुंदीचा. त्याचं क्षेत्रफळ नेहमीच्या ठिपक्याच्या १६ पट. तीव्रता तीच ठेवली तर पसरणारा प्रकाशही १६ पट, म्हणजे ३ अंशांवर पडद्याच्या उजेडाच्या सुमारे पाव हिस्सा. मोठ्या ठिपक्याचे इतर फायदे आहेत, उत्तरं कमी डळमळतात. पण त्याच्या सर्वांत प्रखर टोकाला मिळालेल्या ‘हो’वर किती भरवसा ठेवायचा, हे जपून ठरवावं लागतं.

फांकहाउझर आणि हेबरलिन यांनी १९८०मध्ये याच विषयावर शोधनिबंध लिहिला होता : यंत्राच्या तीव्रतेचा पल्ला आणि भरकटलेल्या प्रकाशाने होणारी फसगत. मुद्दा साधा होता. ठिपका अधिकाधिक प्रखर करत गेलं की एका मर्यादेनंतर मोजमाप त्या जागेचं राहत नाही, शेजाऱ्यांचं होतं. पुढे २०१४मध्ये स्टुअर्ट गार्डिनर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या अभ्यासात १५ ते १९ डेसिबलच्या खालचे आकडे फारसे भरवशाचे नसल्याचं दाखवलं. तिथे मुख्य स्पष्टीकरण वेगळं आहे : उरलेल्या नसपेशी एका मर्यादेपलीकडे प्रखरतेला जास्त प्रतिसादच देत नाहीत. पण रिपोर्ट वाचणाऱ्यासाठी निष्कर्ष त्याच दिशेचा. एका ठिकाणी गेल्या वेळी ४ आणि या वेळी ९ आलं म्हणून नजर सुधारली असं म्हणता येत नाही.

हा पसारा आणखी एका ठिकाणी लुडबुड करतो. नजर मध्यभागी रोखली आहे की नाही हे तपासायला यंत्र अधूनमधून अंधबिंदूवर प्रखर ठिपका टाकतं. माणसाने बटण दाबलं तर यंत्राचा अर्थ असा की नजर हलली. ही नोंद ‘फिक्सेशन लॉस’ म्हणून रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात येते आणि २० टक्क्यांवर गेली की खूण पडते. प्रकाश जास्त पसरणाऱ्या डोळ्यात नजर स्थिर असूनही ती पडू शकते. बऱ्याचदा कारण याहून साधं असतं. मान तिरकी झालेली असते, नाहीतर यंत्राने अंधबिंदूची जागाच चुकीची धरलेली असते. पण टेक्निशियन ‘आजोबा, नीट बघा’ म्हणत असताना आजोबा खरोखरच नीट बघत असण्याचीही शक्यता असते.

मेंदूच्या अभ्यासातही हाच वाद

विखुरलेल्या प्रकाशाने एका मोठ्या वैज्ञानिक वादातही भूमिका बजावली. १९७४मध्ये ब्रिटनमध्ये लॉरेन्स वाइसक्रांट्झ आणि सहकाऱ्यांनी ‘डी. बी.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाबद्दल लिहिलं. मेंदूच्या ऑपरेशननंतर त्याची डावीकडची नजर गेली होती. तिथे काहीच दिसत नाही असं तो सांगायचा, पण अंदाजाने बोट दाखवायला सांगितलं तर दिव्याची जागा तो बऱ्यापैकी अचूक दाखवायचा. याला ‘ब्लाइंडसाइट’ असं नाव मिळालं.

१९८३मध्ये कॅम्पियन, लॅटो आणि स्मिथ यांनी शंका काढली. आंधळ्या बाजूला टाकलेला प्रकाश डोळ्यात पसरून दिसणाऱ्या बाजूला पोहोचत असेल तर? मग यात गूढ काहीच नाही. वाइसक्रांट्झ यांचा तोडगा सुंदर होता. डी. बी.च्या आंधळ्या बाजूतच त्याचा नैसर्गिक अंधबिंदूही होता. पसरलेल्या प्रकाशामुळे दिसत असेल तर तो तिथे टाकलेल्या प्रकाशानेही दिसायला हवा. तिथे त्याला ओळखता आलं नाही, आजूबाजूच्या आंधळ्या भागात मात्र आलं. अंधबिंदू इथे तराजूच्या वजनासारखा वापरला गेला. फील्ड टेस्टवर संशोधन करणारेही विखुरलेला प्रकाश तपासायला याच जागेचा उपयोग करतात.

ऑपरेशननंतर रिपोर्ट ‘बिघडतो’ तेव्हा

दोन्ही घोळ एकत्र आले की काय होतं ते बघण्यासारखं आहे. समजा एका डोळ्यात काचबिंदूही आहे आणि मोतीबिंदूही. मोतीबिंदू नसता तर चांगल्या जागी ३० डेसिबल आले असते आणि काचबिंदूने खाल्लेल्या जागी ६. दोघांतला फरक २४. मोतीबिंदूने चांगल्या जागा २६वर आणल्या. खड्ड्यातला आकडा मात्र ६वरच राहिला, कारण तिथे खाली जायला फारशी जागा नाही आणि शेजारून प्रकाशाची थोडी उसनवारीही चालू आहे. आता फरक २०. कॉम्प्युटरने एकसारखी घट म्हणून सगळीकडे ४ परत केले तर खड्डा प्रत्यक्षापेक्षा ४ डेसिबल उथळ दिसतो. म्हणजे पॅटर्न डेव्हिएशन मोतीबिंदूचा परिणाम काढून टाकतो खरा, पण पूर्ण आणि निर्दोष नाही.

मग ऑपरेशन होतं. नवं भिंग स्वच्छ. चांगल्या जागा पुन्हा ३०वर, खड्डा तसाच. रिपोर्टवर सरासरी घट (एमडी) सुधारते आणि खड्ड्यांची खोली सांगणारा आकडा (पीएसडी) वाढतो. काचबिंदूच्या पेशंटांच्या मोतीबिंदू ऑपरेशनआधीच्या आणि नंतरच्या फील्डची तुलना करणाऱ्या एकापेक्षा जास्त अभ्यासांत असं आढळलं आहे. पेशंट म्हणतो छान दिसतंय आणि कागदावरचा खड्डा अधिक ठळक. यातून ‘ऑपरेशनने काचबिंदू वाढवला’ अशी तक्रार उभी राहू शकते. खड्डा आधीपासून तिथेच असतो, धुक्याआड झाकलेला.

पण याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवायला हवी. ऑपरेशननंतर डोळ्याचा दाब खरोखर वाढू शकतो आणि नसेला खरोखर इजा होऊ शकते. त्यामुळे नवा खड्डा ‘नुसता प्रकाशाचा खेळ’ म्हणून सोडून देणंही चूक. दाब मोजणं, नसेचं टोक प्रत्यक्ष बघणं, ओसीटी स्कॅन करणं आणि फील्ड पुन्हा घेणं, यातूनच उत्तर मिळतं. ओसीटीलाही मोतीबिंदू चकवतो : सिग्नल कमकुवत येतो आणि नसेचा थर प्रत्यक्षापेक्षा पातळ मोजला जाऊ शकतो. म्हणून डोळा बरा झाल्यावर फील्ड आणि स्कॅन नव्याने करून तीच पुढची सुरुवातीची नोंद धरायची पद्धत शहाणपणाची आहे.

सर्वांत जास्त नुकसान मात्र उलट्या गैरसमजाने होतं. अस्पष्ट दिसतंय म्हणजे मोतीबिंदूच असणार, पिकला की बघू, असं म्हणत वर्ष-दोन वर्षं जातात. मोतीबिंदू थांबायला तयार असतो. त्याच्याआड काचबिंदू असेल तर तो थांबत नाही.

सावर्ड्यातली फाईल, मुंबईतली फाईल

कोकणात एका पेशंटचे कागद सहसा एका ठिकाणी नसतात. एक तपासणी गावाजवळ, एक चिपळूण किंवा रत्नागिरीत, ऑपरेशन मुंबईला मुलाकडे असताना. प्रत्येक ठिकाणी नवी फाईल. फील्ड टेस्ट मात्र एकट्या कागदावरून वाचायची गोष्ट नाही. काचबिंदू वाढतोय की नाही हे अनेक रिपोर्ट ओळीने लावल्यावर कळतं. ऑपरेशनआधीचा जुना रिपोर्ट फेकून दिला तर नंतरचा खड्डा जुना की नवा, हे सांगायला पुरावा उरत नाही. कागद पुसट होत असेल तर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवावा, तारखेसह.

शक्य असेल तर प्रत्येक वेळी एकाच प्रकारच्या यंत्रावर टेस्ट करावी. हम्फ्री आणि ऑक्टोपस या यंत्रांचा कमाल प्रकाश वेगळा आहे, त्यामुळे एकावरचे २० डेसिबल म्हणजे दुसऱ्यावरचे २० नव्हेत. हल्ली डोक्यावर घालायचे हेडसेटही आले आहेत. ते लहान दवाखान्यात आणि शिबिरात सोयीचे, पण त्यांचे आकडे वाडग्याच्या यंत्राच्या आकड्यांशेजारी ठेवून वजाबाकी करायची नसते.

टेस्टला जाताना चष्म्याचा नंबर बरोबर न्यावा, कारण चुकीच्या नंबरनेही ठिपका पुसट होतो. बाहुली लहान करणारे थेंब (पायलोकार्पिन) चालू असतील तर सांगावं. लहान बाहुली आणि भिंगाच्या मधोमध असलेला मोतीबिंदू ही जोडी आकडे चांगलीच पाडते. डोळे कोरडे पडत असतील तर तेही सांगावं. टेस्ट चालू असताना पापण्या मिटायला बंदी नाही. डोळा ताणून उघडा ठेवला की अश्रूंचा थर तुटतो आणि प्रकाश जास्त विखुरतो. थकवा आला तर बटण दाबून धरायचं म्हणजे टेस्ट थांबते, हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. यंत्राच्या खोलीत खिडकीचा उजेड येत असेल तर पडदा ओढायला सांगण्यात संकोच नको.

आणि रिपोर्ट कसाही आला, काळा किंवा पांढरा, तरी काचबिंदूचे थेंब स्वतःहून बंद करायचे नाहीत. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत. यातली घट सगळीकडे सारखी आहे की एका जागी? भिंगाचा यात वाटा किती? दुसऱ्यांदा घेतलेल्या टेस्टमध्येही खड्डा त्याच जागी आला का? नसेचं टोक आणि स्कॅन याच जागेकडे बोट दाखवतात का? मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर आणखी एक : नंतरची फील्ड टेस्ट कधी करायची?